बुटक्या ढगांचा बाऊ? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिवाळी वादळांतल्या विजा आणि टोर्नेडोंवरचा माझा लेख तुम्हाला सनसनाटी वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विजेला आणि टोर्नेडोला उष्णता लागते, त्यामुळे बर्फाच्या वादळातली वीज हा अपवाद आणि मी त्याचा बाऊ केला, ‘हिवाळ्यातली वीज जास्त ताकदवान’ हे वाक्य बिनबुडाचं, आणि ढगातल्या वाऱ्याचा वेगही दाखवणारं डॉप्लर रडार असताना आणखी निरीक्षणं कशाला हवीत? फोटोवरूनही एक टोमणा आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी चूक मान्य करतो. ‘ताकदवान’वालं वाक्य मी सरसकट ठोकून दिलं. हिवाळ्यात विजा पडतात कमी, फार कमी. पण पडते तेव्हा एकेक वीज प्रचंड विद्युतभार ओतून जाऊ शकते, एवढंच म्हणायला हवं होतं. याला आधार आहे. जगभरच्या विजांचे रेडिओ संकेत टिपणाऱ्या जाळ्याची 2010 ते 2018 ची नोंद तपासली, तेव्हा सुमारे दोन अब्ज विजांमधून रेडिओ संकेताची ऊर्जा दहा लाख ज्यूलच्या वर असलेल्या जेमतेम 8000 निघाल्या. त्या मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, ईशान्य अटलांटिक आणि भूमध्य समुद्रावर पडलेल्या होत्या.

आता उष्णतेचं. विजेला ऊन लागत नाही, लागतो तो तापमानातला फरक. सैबेरियातली गोठलेली हवा जपानच्या समुद्रावर येते तेव्हा खालचं पाणी तिच्या मानानं चांगलंच कोमट असतं. हवा खालून तापते, ओलावा घेते, वर उसळते. पुढचं काम बर्फच करतो. मऊ गारा आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्यात भाराची देवाणघेवाण होते. हे सगळं साधारण उणे 10 ते उणे 20 अंशांच्या पट्ट्यात चालतं. उन्हाळी ढगात हा पट्टा सहा किलोमीटर किंवा त्याहून वर असतो. हिवाळ्यात तो दोन-तीन किलोमीटरवर, कधी त्याच्याही खाली येतो.

माझ्या लेखाचं सगळं सार या उंचीत आहे, आणि तेच मी धड मांडलं नव्हतं. हिवाळी ढग बुटका असतो. तुम्ही त्यावरून धोकाही बुटका ठरवलात.

भार जमिनीच्या इतका जवळ आला की उंच मनोरे आणि पवनचक्क्या स्वतःच वीज ओढवून घेतात. वीज खालून वर निघते. उन्हाळ्यात जमिनीवर येणाऱ्या विजांपैकी दहात नऊ ऋणभाराच्या असतात, तर या ढगांतून धनभाराच्या विजांचं प्रमाण बरंच वाढतं. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर हे मुळीच अपवादाचं नाही. कानाझावा शहरात वर्षाला चाळीसहून जास्त दिवस गडगडाट होतो, त्यातला मोठा वाटा हिवाळ्याचा. तिथले लोक या गडगडाटाला ‘युकी-ओकोशी’ म्हणतात, म्हणजे बर्फाला जागं करणारा. बर्फ पडत असताना आवाज दबतो, म्हणून काही किलोमीटरपलीकडे तो ऐकूही येत नाही. ऐकू आला नाही म्हणून झालाच नाही, असं मानायला आपण मोकळे!

टोर्नेडोसाठी तुम्ही अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या मेफिल्डचं उदाहरण दिलंत. 10 डिसेंबर 2021 चा तो टोर्नेडो उबदार, दमट हवेतलाच होता आणि सुमारे 266 किलोमीटर धावला. बरोबर. पण तो तारखेनं हिवाळी. मी बोलत होतो ते समुद्रावरून येणाऱ्या बर्फाळ ढगांखालच्या, काही मिनिटं टिकणाऱ्या छोट्या भोवऱ्यांबद्दल. 25 डिसेंबर 2005 ला जपानच्या यामागाता प्रांतात मोगामी नदीचा पूल ओलांडताच एक एक्स्प्रेस गाडी वाऱ्याच्या अशाच अचानक झोतानं रुळांवरून उडाली. पाच माणसं गेली. तो झोत इतक्या चिंचोळ्या पट्ट्यातला होता की रुळांजवळच्या वायुवेगमापकांना गाडी थांबवण्याइतका वारा दिसलाच नाही.

आणि रडार? लांबच्या रडारची शलाका अर्ध्या अंशानं कललेली असली, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे 100 किलोमीटरवर ती सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून जाते. पंधरा किलोमीटर उंचीच्या उन्हाळी ढगाला याचा फारसा फरक पडत नाही. तीन-चार किलोमीटरच्या ढगात तेवढ्यानं नेमकी खालची फिरकी निसटते. म्हणून त्या अपघातानंतर रेल्वेनं अमारुमे स्थानकावर छोटं डॉप्लर रडार बसवलं आणि 2017 पासून हिवाळ्यात त्याच्या इशाऱ्यावर गाड्या थांबवायला सुरुवात केली. ‘वेगळी निरीक्षणं कशाला’ याचं माझं उत्तर ते स्थानक आहे. विजांची संख्या एकदम वाढली की टोर्नेडोची शंका घ्यायची, ही उन्हाळी युक्तीही इथे लंगडी पडते, कारण अख्खा ढग एकच वीज पाडून मोकळा होऊ शकतो. मूळ लेखात मी या युक्तीचं जरा जास्तच कौतुक केलं होतं, तेही दुरुस्त करतो.

बुटकेपणाचा एक फायदाही आहे, आणि मला तो फार आवडतो. ढगातून निघणारे गॅमा किरण, म्हणजे क्ष-किरणांसारखेच पण जास्त ऊर्जेचे किरण, हवेत लवकर शोषले जातात. ढग खाली असला तर ते जमिनीवरच्या यंत्रापर्यंत पोहोचतात. 6 फेब्रुवारी 2017 ला जपानमधल्या काशिवाझाकी इथे शास्त्रज्ञ तेरुआकी एनोतो यांच्या गटाच्या यंत्रांनी विजेनंतर आधी गॅमा किरणांचा क्षणिक झोत टिपला आणि मग जवळजवळ मिनिटभर पॉझिट्रॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारी जुळ्या कणाची खूण. वीज हवेतल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन उडवते आणि उरलेलं अस्थिर केंद्र पॉझिट्रॉन सोडतं, याचा तो पुरावा होता. या कामाला काही पैसा लोकवर्गणीतून आला होता. उन्हाळी वादळात हेच किरण पकडायला डोंगरमाथे गाठावे लागतात.

राहिला फोटो. कोरड्या मैदानावरच्या उन्हाळी टोर्नेडोचा तो फोटो मी शोभेसाठी टाकला होता. टोमणा रास्त आहे, फोटो काढला. हिवाळी भोवरा बहुतेक वेळा बर्फाच्या पडद्याआड असतो, त्यामुळे त्या जागी आता रडारच्या वाऱ्याचं चित्र टाकतोय. ते दिसायला अगदीच रुक्ष आहे.