‘पाठांतर करणाऱ्यांना धोरण काय कळणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ब्रिटिश अभिनेत्री आणि पुढे खासदार झालेल्या ग्लेंडा जॅक्सन यांच्यावरील माझ्या लेखाला आपण ‘भाटगिरी’ म्हटले आहे, ‘दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये पाठ करणाऱ्यांना धोरण काय कळणार?’ असे विचारले आहे आणि शेवटी त्यांच्या मंत्रिपदाचा हिशेब मागितला आहे. एक चूक मान्य करतो. जॅक्सन वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री म्हणून, मी लिहिल्याप्रमाणे, तीन वर्षे नव्हत्या. मे १९९७ ते जुलै १९९९ अशी जेमतेम सव्वादोन वर्षे होत्या. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता पाठांतराच्या त्या वाक्याविषयी, कारण मतभेद मला चालतात, हेटाळणी चालत नाही. दोन ऑस्कर मिळवलेली ही अभिनेत्री पंचावन्नाव्या वर्षी, १९९२ मध्ये, अभिनय सोडून ब्रिटिश संसदेत गेली आणि २०१५ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, तिथेच राहिली. २०१० मध्ये त्या अवघ्या ४२ मतांनी निवडून आल्या. चेहरा ओळखीचा असला की जागा आपोआप मिळते, असे मानणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. इराक युद्धाच्या प्रश्नावर त्या स्वपक्षाच्या पंतप्रधानांविरुद्ध उभ्या राहिल्या. एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर यांना संसदेत श्रद्धांजली वाहिली जात असताना, समोरच्या बाकांवरून आरडाओरडा होत असतानाही, त्यांनी थॅचर यांच्या धोरणांवर कडाडून टीका केली. ती वाक्ये त्यांना कोणी लिहून दिली होती, हे आपणच सांगावे.

मी स्वतः बारा वर्षे हौशी रंगभूमीवर कामे केली आणि त्यानंतर सतरा वर्षे सरकारी कचेरीत धोरणांचे मसुदे लिहिले. संहिता वाचताना प्रत्येक पात्राला नेमके काय हवे आहे हे शोधण्याची जी सवय लागते, तीच मसुद्यातल्या एखाद्या कलमाने कोणाचे नुकसान होणार हे ओळखताना कामी येते. हे मी अनुभवाने सांगतो. आपण यांपैकी कोणते काम केले आहे, हे प्रतिक्रियेवरून कळले नाही. (तालमीला उशिरा येऊन दिग्दर्शकाला शिकवणारी मंडळी मात्र मी पुष्कळ पाहिली आहेत.)

राहिला मंत्रिपदाचा हिशेब. लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवायची म्हणून त्यांनी ते पद सोडले आणि ती उमेदवारीही त्यांना मिळाली नाही, हे सर्वश्रुत आहे. त्यावर वेगळे काही लिहावे असे मला वाटत नाही.

लेखाचा दुसरा भाग त्यांच्या रंगभूमीवरील पुनरागमनावर, २०१६ मध्ये ऐंशीव्या वर्षी साकारलेल्या शेक्सपिअरच्या लिअर राजावर आहे. आपण तो वाचावा; प्रतिक्रिया देण्यापूर्वी या वेळी पूर्ण वाचावा.