कोच काय करतो बे?

नागपूरच्या आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक भांडण दर दोन महिन्यांनी नव्याने सुरू होतं. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात न्यूझीलंडने आपल्या घरी येऊन आपल्याला ०-३ धुतलं तेव्हा ते पेटलं आणि अजून धुमसतंच आहे. अर्धे म्हणतात गंभीरला काढा, अर्धे म्हणतात कोच काय करतो बे, मैदानात उतरते कोण, बॅट धरते कोण, शून्यावर परत येते कोण. आता गंमत अशी की "कोच काय करतो बे" म्हणणारा आमचा जो मुख्य वक्ता आहे तोच दर गुरुपौर्णिमेला सकाळी सहाला आचरेकर सरांचा फोटो टाकतो, खाली जोडलेले हात. म्हणजे सचिन घडवला सरांनी, पण बाकी कुठल्याही कोचने कुणालाच काही घडवलं नाही. एकदा त्याला हे दाखवून दिलं तर म्हणाला, तू अमेरिकेत बसून आम्हाले क्रिकेट शिकवू नको.

बरं बाबा, क्रिकेट नाही शिकवत. बास्केटबॉलचं सांगतो.

मी २०१४ पासून लॉरेन्सला राहतो, कॅन्सस राज्यात. लाखभर वस्तीचं गाव, नागपूरच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं. इथे कॅन्सस युनिव्हर्सिटी आहे, तिचं ॲलन फील्डहाउस आहे, १९५५ चं, पंधरा-सोळा हजार माणसं बसतील एवढं, आणि कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला ते भरतं. कॉलेजच्या! आमच्या कॉलेजच्या टीमची मॅच बघायला मी, दोन बारावे गडी आणि चहावाला असायचो. इथे जागा मिळावी म्हणून विद्यार्थी आळीपाळीने नंबर धरून बसतात, आणि लग्नाच्या तारखा मार्च (तेव्हा कॉलेजांची देशपातळीवरची स्पर्धा असते) टाळून काढतात असं मला इथल्या एका आजोबांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं.

तर हे "कोच मोठा की पोरं मोठी" भांडण अक्षरशः या गावातलं आहे. बास्केटबॉल ज्यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डला शोधून काढला ते जेम्स नेस्मिथ पुढे १८९८ ला इथे आले आणि कॅन्ससचे पहिले कोच झाले. त्यांचा रेकॉर्ड ५५ विजय, ६० पराभव. कॅन्ससच्या अख्ख्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला कोच एकच, आणि तो म्हणजे खेळ शोधणारा माणूस! त्यांचा फॉग ॲलन नावाचा एक खेळाडू होता, त्याला बाहेरच्या कॉलेजने कोच म्हणून बोलावलं, तेव्हा नेस्मिथ त्याला म्हणाले की अरे हा खेळ कोच करायचा नसतो, फक्त खेळायचा असतो. हा किस्सा इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. म्हणजे आमचा नागपूरचा वक्ता एकटा नाही, खुद्द नेस्मिथबुवा त्याच्या बाजूने आहेत.

ॲलनने ऐकलं नाही. तो इथे तब्बल ३९ सीझन कोच राहिला, १९५२ ला नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली, आणि त्याच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप केंटकीला आणि डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला जाऊन दोघंही दंतकथा झाले. आता फील्डहाउसला नाव ॲलनचं आणि आतल्या कोर्टला नाव नेस्मिथचं. भांडणातले दोन्ही पक्ष एकाच इमारतीत नांदतात, एक छपरावर, एक फरशीवर.

पण मला या गावाच्या इतिहासातली सगळ्यात आवडती गोष्ट १९५७ ची आहे. विल्ट चेंबरलेन, सात फुटी, त्याच्यासारखं शरीर आणि हात या खेळाने तोवर पाहिलेच नव्हते, त्याला ॲलननेच पटवून कॅन्ससला आणलं. तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य टीममधून खेळता येत नसे, आणि विल्टचं पहिलं वर्ष संपेस्तोवर ॲलनचं वय सत्तर झालं, नियमाप्रमाणे रिटायर व्हावं लागलं. म्हणजे ज्याने हिरा आणला त्याला तो कोंदणात बसवताच आला नाही. १९५७ च्या फायनलला नॉर्थ कॅरोलायनाचे कोच फ्रँक मग्वायर यांनी काय केलं, तर सुरुवातीच्या जंप बॉलला (रेफरी बॉल वर उडवतो, दोघं उडी मारून तो मिळवायला बघतात) विल्टसमोर आपला टॉमी केर्न्स उभा केला, टीममधल्या बुटक्या पोरांपैकी. बॉल मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतंच, पण विल्टच्या डोक्यात किडा सोडायचा होता. तीन ओव्हरटाइम झाले आणि कॅन्सस ५३-५४ अशी एका पॉइंटने हरली. आता हा कोचचा विजय म्हणायचा का? मी इथल्या म्हाताऱ्या लोकांशी यावर वाद घातलाय. ते म्हणतात ॲलन असता तर जिंकलो असतो. मी म्हणतो एका पॉइंटने हरलेल्या मॅचवरून सिद्धांत काढायचाच नसतो, बॉल रिंगवरून एक इंच इकडे पडला असता तर मग्वायरच्या त्या युक्तीला आपण आज पोरखेळ म्हटलं असतं.

आणि १९८८ ला बरोब्बर उलटं. अकरा मॅच हरलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली कॅन्ससची टीम चॅम्पियन झाली, कारण डॅनी मॅनिंग. फायनलला ओक्लाहोमाविरुद्ध ३१ पॉइंट, १८ रिबाउंड (हुकलेले बॉल पकडणं), ८३-७९. लोक त्या टीमला अजून "डॅनी अँड द मिरॅकल्स" म्हणतात, नावातच बघा, डॅनी आणि चमत्कार, कोच लॅरी ब्राउन यांचा पत्ताच नाही. पण थांबा. डॅनी लॉरेन्सला आला कसा? ब्राउन यांनी त्याच्या वडिलांना असिस्टंट कोच म्हणून नोकरी दिली, ते आधी ट्रक चालवायचे (त्याआधी प्रोफेशनल खेळले होते, अगदीच उगाच नाही घेतलं), कुटुंब इकडे आलं, पोरगा शाळेच्या शेवटच्या वर्षाला लॉरेन्स हायस्कूलमध्ये दाखल झाला आणि मग कॅन्ससला. याला कोचिंग म्हणायचं की सेटिंग? माझ्या मते हेच कोचिंग आहे. कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोचचं सगळ्यात मोठं काम मॅचच्या दिवशी नसतंच, ते दोन-तीन वर्षं आधी कुणाच्या तरी घरी जेवणाच्या टेबलावर असतं, पोराच्या आईला पटवण्याचं.

म्हणून इथे "कोच की टॅलेंट" असे दोन डबे करताच येत नाहीत, कारण टॅलेंट गोळा करणाराच कोच असतो. आपले द्रोणाचार्यसुद्धा याच जातकुळीचे. राजघराण्यातली निवडक पोरं घेतली, बाहेरचा एक पोरगा मातीच्या पुतळ्यासमोर प्रॅक्टिस करून आपल्या स्टारपेक्षा पुढे गेला तर त्याचा अंगठा काढून घेतला. आणि आपण कोचला जो सर्वोच्च पुरस्कार देतो तो यांच्या नावाने. असो.

गोळा करणारा आणि जिंकणारा वेगळा असला की मग खरी पंचाईत होते. कोच मॅट डोहर्टी यांनी नॉर्थ कॅरोलायनाला शॉन मे, रेमंड फेल्टन, रशाद मकँट्स ही पोरं आणली, त्यांची नोकरी गेली, २००३ ला आमचे तेव्हाचे कोच रॉय विल्यम्स इथून उठून तिकडे गेले (काही लोकांनी अजून माफ केलेलं नाही) आणि २००५ ला त्याच पोरांना घेऊन चॅम्पियन झाले. डोहर्टींना काहीच श्रेय नाही? मग विल्यम्सना सगळं? पोरं दोन वर्षांनी मोठी झाली होती याचं श्रेय कुणाला द्यायचं, कॅलेंडरला?

तर आता मुद्दा वेळेचा. माझं सगळं म्हणणं शेवटी या एकाच गोष्टीवर येतं. २०२२ ला कॅन्सस चॅम्पियन झाली, फायनलला हाफटाइमला २५-४० अशी पंधराने मागे, समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलायनाच. कोच बिल सेल्फ यांनी ड्रेसिंग रूममध्ये पोरांना विचारलं म्हणे की दोन मिनिटं बाकी असताना नऊने मागे असलेलं बरं की वीस मिनिटं बाकी असताना पंधराने? ती नऊची गोष्ट २००८ च्या फायनलची, ती कॅन्सस जिंकली होती. ७२-६९ ने आलो परत. मी त्या रात्री पोराला खांद्यावर घेऊन मास स्ट्रीटवर होतो, अख्खं गाव रस्त्यावर, नागपूरच्या बर्डीवर वर्ल्ड कपच्या रात्री असतं तसं. दुसऱ्या दिवशी सगळे सेल्फ यांच्या त्या वाक्याचे गोडवे गात होते. पण ते वाक्य चाललं कुणावर? ओचाई अगबाजीसारख्या पोरावर, जवळच्याच कॅन्सस सिटीचा, शाळेत असताना फार कुणी विचारत नव्हतं, चार वर्षं इथेच घासून घासून फायनल फोरचा (म्हणजे स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीमच्या लढतींचा) बेस्ट प्लेअर झाला. ते वाक्य चार वर्षं शिजत होतं.

आता तोच सेल्फ, तेच फील्डहाउस, तीच ड्रिल. २०२३-२४ आणि २०२४-२५ दोन्ही सीझनच्या आधी कॅन्ससला देशात पहिला नंबर दिला होता. पहिल्या वेळी २३ विजय, ११ पराभव, दुसऱ्या वेळी २१-१३, आणि २०२५ च्या मार्चमध्ये पहिल्याच राउंडला आर्कान्सासकडून ७२-७९ ने घरी. का? २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायला परवानगी मिळाली, आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात उडी मारणंही सोपं झालं, त्याला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. पोरांना पैसे मिळतात हे चांगलंच आहे, आधी त्यांच्या जिवावर बाकी सगळे कमवत होते आणि सेल्फ यांना २०२३ मध्ये पाच वर्षांचे सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलर कबूल झाले, तेव्हा पोरांनी फुकट खेळावं असं म्हणायला तोंड नाही कुणाला. पण परिणाम असा की उन्हाळ्यात चार कॉलेजांतून चार तयार खेळाडू येतात, नोव्हेंबरात मॅच, मार्चमध्ये टाटा. एवढ्या वेळात कोच काय करणार? आमच्या वक्त्याचं वाक्य मला इथे पहिल्यांदा खरं वाटायला लागलंय.

आणि हेच मला घरच्या भांडणाबद्दल बोलायचंय. आचरेकर सरांकडे पोरगं अकराव्या-बाराव्या वर्षी यायचं. शिवाजी पार्क, रोज, स्टंपवर एक रुपयाचं नाणं, आउट केलं तर बोलरचं, नाही तर सचिनचं. गंभीरकडे माणूस पंचविशी-तिशीत येतो, तंत्र पक्कं झालेलं, आयपीएलमुळे वर्षातले दोन महिने दुसऱ्याच कोचच्या हाताखाली, टीम निवडणार सिलेक्टर. दोघांना एकच शब्द लावतो आपण, कोच, आणि मग भांडत बसतो. हे म्हणजे आईच्या हातच्या स्वयंपाकाची तुलना लग्नातल्या वाढप्याशी.

खरं तर आपल्याला उत्तर शोधायला मुंबईपर्यंतही जायला नको. २०१७ ला चंद्रकांत पंडित कोच म्हणून विदर्भाला आले (स्वतः आचरेकर सरांचेच), आणि ज्या टीमला आपण लहानपणी रणजी ट्रॉफीत कुणाकडून किती डावाने हरली एवढंच विचारायचो ती २०१७-१८ आणि २०१८-१९ सलग दोनदा चॅम्पियन. इंदूरच्या फायनलला आपल्या बोलरची, गुरबाणीची, हॅटट्रिक झाली तेव्हा इथे रात्र होती, मी झोपलो नव्हतो. मग पंडित मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ ला तेही पहिल्यांदा जिंकले, तेही मुंबईला हरवून. एकदा होतं ते नशीब, तीनदा होतं ते नशीब नाही. पण ग्रुपवर कुणी हे काढलं की मी लगेच दुसरी बाजूही टाकतो, की तेव्हा वसीम जाफर होता, आणि २०२४-२५ ला विदर्भ परत जिंकली तेव्हा पंडित नव्हते, उस्मान घनी होते, आणि बाहेरून आलेला करुण नायर होता. आपलं पोर्टलच ते, फक्त त्याला पाहुणा खेळाडू म्हणतात. फरक एवढाच की एखाददुसरा पाहुणा आणि बाकी नऊ-दहा घरची, एकाच मैदानावर वाढलेली पोरं, आणि नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमला पंडितांच्या शिस्तीत महिनोन्‌महिने पिसली गेलेली. सगळेच पाहुणे असते तर पंडितांनी कुणाला काय शिकवलं असतं, मला सांगा.

साधारण टॅलेंट आणि भरपूर वेळ असला की कोच डोंगर हलवतो. अफाट टॅलेंट आणि कमी वेळ असला की त्याने वाटेत येऊ नये एवढंच पुरे. हे मी ग्रुपवर टाकलं, मोठ्ठं, चार पॅराचं. उत्तर आलं, "वाचलं नाही. म्हंजे गंभीरला काढायचं की नाही?"

इकडे पोराची वेगळीच तक्रार. दोन वर्षांपूर्वी त्याला एका आवडत्या खेळाडूच्या नावाचा टीशर्ट घेतला होता, हौसेने, महागाचा. एप्रिलमध्ये तो खेळाडू दुसऱ्या कॉलेजला गेला. पोरगं दोन दिवस रुसलं. आता आम्ही फक्त जेहॉक पक्षी (कॅन्ससच्या टीमचं चिन्ह) छापलेला घेतो, मागे नाव-नंबर काही नाही. परवा वक्त्याने वैयक्तिक मेसेज केला, डिसेंबरात येशील तेव्हा मलाही एक आण, डबल एक्सएल, बिना नावाचा.