रात्री अकराला पत्रिका कोण दुरुस्त करणार?

विंडोज १० ला कंपनीचा आधार मिळायची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, तेव्हापासून आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी तो नव्याने टाकतं. गाभा असा: 'फुकटचं ते पौष्टिक' म्हणणारा आपला माणूस विंडोजच्या जागी लिनक्स, ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस, फोटोशॉपच्या जागी गिंप, डिझाइनला इंकस्केप अशी झकास सॉफ्टवेअर मोफत मिळत असताना परदेशी कंपन्यांच्या महागड्या मालाला पैसे मोजतो. का? तर आळस, जाहिरातींची भुरळ आणि गुलामी वृत्ती. मोफत सॉफ्टवेअरमध्ये म्हणे काहीच कमी नाही. केरळने करून दाखवलं, मग आपल्याला का जमू नये? आणि शेवटी नेहमीचं शेपूट: खरे मराठी असाल तर दहा जणांना पाठवा.

मी बेळगावच्या शहापुरात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर लावायचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, फ्लेक्सची डिझाइनं. घरच्या कॉम्प्युटरवर माझ्या लिनक्सच आहे आणि दुकानाचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये. तेव्हा त्या मजकुराशी माझं वैर नाही. पण पत्रिका ज्या मशीनवर होतात तिथे विंडोज आणि डिझाइनचं कोरल (कोरलड्रॉ) आहे, आणि त्याचं कारण आळस हे मी ऐकून घेणार नाही.

पैशाचं आधी उरकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडच्या किती डीटीपीवाल्यांनी कोरलची पावती फाडलीय ते मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. हार्डवेअरवाला पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन येतो, चहा होईपर्यंत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल सगळं 'टाकून' देतो आणि आपली मजुरी घेऊन जातो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. चोरी ती चोरीच, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या व्हायरसने माझी एक अख्खी हार्डडिस्क गिळली आहे. मुद्दा एवढाच की गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्हीकडची किंमत सारखीच पडते. 'महागडं' आणि 'मोफत' अशी निवड त्याच्यासमोर कधी येतच नाही.

शिवाय मुक्त आणि फुकट हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. मुक्त म्हणजे ज्याचा सोर्स कोड, आतली मूळ लिखावट, कुणालाही बघता-बदलता येते. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ कोंबलेले, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना १९८०च्या दशकापासून फरक समजावत बसावं लागलंय. आपल्याला भाषेने आयती सोय दिली, तरी मजकूरवाल्याने नेमका फुकटच उचलला. याच ग्रुपने मध्यंतरी अरट्टई हे मेसेजिंग अॅप घ्या म्हणून पिच्छा पुरवला होता. ते स्वदेशी आहे, पण त्याचा सोर्स कोड काही खुला नाही. स्वदेशी, मोफत, मुक्त ही तीन गाठोडी एकाच फडक्यात बांधली की असे मजकूर तयार होतात.

आता आळस. आमच्याकडे टायपिंगला एक वैनी आहेत. मराठी त्या जुन्या गोदरेज टाइपरायटरच्या मांडणीवर शिकल्या, कारण त्या काळी इन्स्टिट्यूटमध्ये तेच होतं. पुढे कन्नड मजकूर यायला लागला तेव्हा नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर शिकल्या, के. पी. राव यांच्या कीबोर्ड मांडणीवर. तिसरं इंग्रजी. तीन लिप्या, तीन मांडण्या, दहा बोटं तीच. २०२४ला कर्नाटकात कायदादुरुस्ती होऊन फलकावर ६० टक्के कन्नड बंधनकारक झालं, तेव्हा दुकानांच्या पाट्या नव्याने करायला नुसती झुंबड. वैनी पडद्यावर चौकटी आखून कन्नडचा भाग साठाच्या खाली जात नाही ना, हे मोजायला चार दिवसांत शिकल्या. पलीकडचा किराणावाला जीएसटी शिकला, भाजीवाली मावशी क्यूआर कोड शिकली. या माणसांना आळशी म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणावं.

माणूस शिकतो. पण शिकलेलं उद्या कुणाबरोबर वापरायचं आहे ते बघून शिकतो.

'कमी काहीच नाही' या वाक्यावर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे माझं स्वतःचं तोंड पोळलंय. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत मी ठरवलं की एक पत्रिका पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरवर करायची. इंकस्केप घेतलं. फाँट 'एक टाइप' नावाच्या फाँटवाल्यांचा बालू, तोही मुक्त परवान्याचा, दिसायला गोंडस. जोडाक्षरं व्यवस्थित. 'आमचे येथे श्री कुलस्वामिनी कृपेकरून' पासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत एक वेलांटी हलली नाही. पडद्यावर पत्रिका अशी देखणी की मी फोटो काढून बायकोला पाठवला. पीडीएफ प्रेसला दिली आणि एका बारशाला चंदगडला गेलो.

पहिला फोन नऊला. कुंकवाचा लाल विटकरी दिसतोय. चूक समजण्यासारखी होती. इंकस्केप मुळात पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं, आणि ऑफसेटला लागतात चार शाया: निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. मधलं रूपांतर प्रेसवाल्याच्या मशीनने आपल्या मर्जीने केलं. म्हटलं, तुमच्या पद्धतीने लाल टाका.

दुसरा फोन अकराला, मुलाच्या वडिलांचा. आत्याच्या मिस्टरांचं नाव राहिलंय. सीमाभाग असो की कुठलाही भाग असो, आत्याच्या मिस्टरांचं नाव पत्रिकेत राहिलं तर काय होतं ते वाचणाऱ्याला सांगायला नको. प्लेट सकाळी सहाला निघणार. प्रेसमधल्या पोराने माझी पीडीएफ त्याच्या कोरलमध्ये उघडली आणि मला फोटो पाठवला. सगळी वाक्यं फुटलेली. ऱ्हस्व वेलांटी एकीकडे, तिचं अक्षर दुसरीकडे, रफार हवेत. 'अण्णा, हे असलं नवीन नको वो,' तो म्हणाला, 'नेहमीचंच द्या की. दोन मिनटात घालतो मी नाव.' त्याचं एक अक्षरही खोटं नव्हतं. नेहमीच्या फाँटात, नेहमीच्या फाइलमध्ये असतं तर मी चंदगडला झोपलो असतो आणि नाव पडलं असतं. मी रात्रीच मोटरसायकल काढली. दुकानात पोचून पत्रिका कोरलमध्ये पहिल्यापासून बसवली. साडेपाचला प्रेसच्या दारात.

या प्रकारात इंकस्केपचा दोष किती? थोडा. त्याहून मोठा भाग असा की त्या रात्री पत्रिका माझ्याशिवाय कुणालाच दुरुस्त करता येत नव्हती. शहापूर ते मार्केट यार्ड रस्त्यावरच्या कुठल्याही डीटीपीत शिरा, कोरलची फाइल उघडणारा माणूस मिळेल. ही सोय कंपनीने विकलेली नाही. वीस-पंचवीस वर्षांत आम्हीच एकमेकांत उभी केली, एकमेकांचे फाँट उसने घेऊन. मजकूरवाला सॉफ्टवेअरची तुलना सॉफ्टवेअरशी करतो. गिऱ्हाईक तुलना करतं ती रात्री अकराला फोन उचलणाऱ्या माणसांची.

आणि उणिवा खरोखर होत्याच. पुस्तकं-मासिकं लावायला मुक्तमध्ये स्क्रायबस आहे, त्याला छपाईचे चार रंगही नीट कळतात. पण कित्येक वर्षं त्यात देवनागरीची जोडाक्षरं जुळत नव्हती. ते जमलं १.५ च्या चाचणी आवृत्त्यांत, २०१७च्या सुमारास, आणि पक्की १.६ आवृत्ती यायला २०२४ उजाडलं. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या जागतिक अक्षरसंहितेत, आहे १९९१पासून. मधल्या काळात मराठी मासिक काढणाऱ्याने काय करायचं होतं? वाट बघायची? त्याने पेजमेकर धरलं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती ७.०, २००१ची. त्याला युनिकोड कळतच नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले जुने फाँट. त्या फाँटांत टाइप झालेली वीस वर्षांची कामं आमच्या कपाटात आहेत. फाँट काढला की सगळं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. लिब्रेऑफिस पेजमेकरची फाइल उघडतं हे खरं, २०१५पासून उघडतं. पण उघडून खिचडीच दिसणार असेल तर उघडून काय करू?

जाहिरात आणि गुलामी वृत्ती हे दोन मुद्दे एका दमात निकालात काढता येतात. खानापुरात कोरलची जाहिरात कुणी पाहिली असेल तर मला दाखवावी. आणि गुलामीच म्हणाल, तर हाच समाज व्हीएलसी हा मुक्त प्लेअर बिनतक्रार वापरतो. गणपतीत मंडपामागच्या लॅपटॉपवर आरत्या त्याच्यावरच वाजतात. खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. 'हे मुक्त आहे' म्हणून कुणी घेतलं नाही, तसंच 'हे मुक्त आहे' म्हणून कुणी नाकारलंही नाही. वस्तू हाताशी आली, चालली, शेजाऱ्याकडेही तीच होती.

आता केरळ. दाखला खरा आहे, पण अर्धा सांगितलाय. तिथे सरकारचा आयटी अॅट स्कूल प्रकल्प होता, आता काइट. त्यांनी शाळांत लिनक्स नेलं, हे बरोबर. पण त्याच्या बरोबरीने शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर लिहिली, परीक्षा त्याच्यावर घेतली. मल्याळमचे फाँट आणि अक्षरजुळणी नीट व्हावी म्हणून तिथल्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं. म्हणजे अख्खी साखळीच एकदम हलवली. उलटा दाखला म्युनिकचा. जर्मनीतल्या त्या शहराने २००३ला लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो सरकारी मशीन बदलली, आणि २०१७ला विंडोजकडे परतायचा ठराव केला. परतण्यामागे राजकारणही होतं, पण बाहेरून येणाऱ्या फाइली जुळत नाहीत ही ओरड तिथेही होती. जर्मन माणसाला आळशी म्हणायला कुणी धजावेल असं वाटत नाही.

आमच्याकडे साखळी हलवणार कोण? इथे तर साखळ्याच दोन. महाराष्ट्राच्या नोकरीच्या आशेवर असलेला पोरगा एमएस-सीआयटी करतो, त्यात विंडोज आणि ऑफिस. इकडच्या कचेरीत अर्ज द्यायचा तर कन्नड, आणि कन्नड म्हणजे नुडी. नुडी सरकारने मोफत दिलं, कचेऱ्यांत तेच चालवलं, म्हणून ते मराठी घरांतल्या मशीनवरही आलं. ज्या भाषेवरून इथे इतकी वर्षं भांडण चाललंय तिचं सॉफ्टवेअर लोकांनी कटकट न करता घेतलं, कारण पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, अर्जाला ते लागत होतं. वृत्तीचे सिद्धांत मांडणाऱ्यांनी हे एकदा बघावं. व्यापाऱ्यांचंही तसंच. टॅली विंडोजवर चालतं, मुनीम टॅली शिकून येतो, सीए टॅलीची फाइल मागतो. दुकानदाराने यात निवडलं काय?

एका ठिकाणी मात्र त्या मजकुराची बाजू बरोबर आहे, आणि नेमकं तेच त्यात लिहिलेलं नाही: बंद सॉफ्टवेअरमध्ये आपलं काम विकणाऱ्याच्या हातात अडकतं. माझं जुनं फाँट पॅकेज डोंगलवर चालायचं. कॉम्प्युटरच्या मागे खोचायची छोटी डबी, ती असेल तरच अक्षरं उमटणार. २००९च्या पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं, डबी गेली. विकणाऱ्याने नवीन आवृत्ती घ्या म्हणून सांगितलं, पूर्ण किमतीत. माझ्याच हाताने टाइप केलेला एका मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास मला उघडता येईना. शेवटी वैनींनी छापील प्रतीवरून तो पुन्हा टाइप केला. मजकूरवाल्याने हे लिहिलं असतं तर मीच दहा जणांना पाठवलं असतं.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. एकच प्रश्न टाकला: मशीनवर लिनक्स घातल्यावर रात्री अकराला अडलं तर कोण येणार? मजकूर यावेळी टाकला होता माझ्या भाच्याने. तो इंजिनिअरिंगला आहे. व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या, अभ्यासक्रमात लिनक्सचा पूर्वज युनिक्स असल्यामुळे त्याला या गोष्टींचा भारी उमाळा. दिवसभर उत्तर नाही. रात्री आलं: 'मामा, मी येतो की.'

रविवारी आला, पेन ड्राइव्ह घेऊन. दुकानात एक मशीन पडून होतं, विंडोज ११च्या अटींत न बसणारं. त्यावर लिनक्स चढायला अर्धा तास लागला आणि लहान लेझर प्रिंटर बोलता करायला दुपारचे तीन वाजले. आता स्कॅनिंग आणि पहाणीच्या प्रिंटा त्याच्यावर निघतात. पत्रिका अजून कोरलवरच. वैनींनी त्या मशीनच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे, वर कन्नड, खाली मराठी: बंद पडल्यास हात लावू नये, आधी भाच्याला फोन करावा.