खोडरबराने रॅम घासली, पीसी सुरू झाला. मग दोष रॅमचाच होता का?

नमस्कार. अधूनमधून सुरू न होणाऱ्या डेस्कटॉपवरचा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही तेही तुम्ही स्पष्ट लिहिलंत, ते बरं झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दुकानात असा पीसी आला की बहुतेक वेळा रॅमच असते, रॅम काढा, तिच्या पिना खोडरबराने घासा, परत बसवा, पाच मिनिटांत काम संपलं. नोंदी ठेवा, मल्टीमीटर आणा, वायरींवर व्होल्टेज मोजा असं सांगून मी घरगुती माणसाला उगाच घाबरवलं आणि खर्चात पाडलं.

रॅम काढून बसवल्यावर पीसी सुरू होतो, याबद्दल वाद नाही. पण त्या पाच मिनिटांत तुम्ही एकच गोष्ट करत नाही. रॅमला हात लावण्याआधी कॉर्ड काढता. त्याबरोबर एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) प्रोटेक्शन, म्हणजे बिघाडात त्याला बंद पाडणारं संरक्षण, अडकलेलं असेल तर ते सुटतं, कारण बऱ्याच एसएमपीएसमध्ये ते मेन सप्लाय तोडल्याशिवाय सुटत नाही. बोर्डवरचे (मदरबोर्डवरचे) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, रिकामे होतात. हात आत जातो तेव्हा एसएमपीएसमधून बोर्डला येणारा २४ पिनचा कनेक्टर थोडा हलतो, एखादा सैल पिन जागेवर बसतो. आणि तोवर झालेल्या दोन-चार फसलेल्या प्रयत्नांनी एसएमपीएस थोडा गरमही झालेला असतो. यातलं नक्की कशाने काम झालं? श्रेय मात्र खोडरबराला जातं.

म्हणून पुढच्या वेळी रॅमला हात न लावता फक्त कॉर्ड काढा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, मिनिटभर थांबा, कॉर्ड लावा आणि सुरू करून पाहा. एवढ्याने झालं तर संशय रॅमवरून एसएमपीएसकडे किंवा बोर्डच्या स्टँडबाय भागाकडे (पीसी बंद असतानाही जागा असणाऱ्या भागाकडे) वळतो.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. पीसी पाचांतून एकदा बंद राहत असेल, तर काहीही दुरुस्त न करता तो लागोपाठ पाच वेळा नीट सुरू होण्याची शक्यता जवळपास ३३ टक्के आहे. म्हणजे गिऱ्हाइकासमोर पाच वेळा चालू-बंद करून दाखवणं हा पुरावाच नाही. बिघाड पाचांतून एकदा येत असेल तर दुरुस्तीनंतर लागोपाठ १४ वेळा, आणि दहांतून एकदा येत असेल तर २९ वेळा सुरू झाला, तर बरीचशी खात्री धरता येते. तेही बिघाड ज्या परिस्थितीत येत होता त्याच परिस्थितीत. सकाळी पहिल्यांदा लावताना अडणारा पीसी दुपारी गरम असताना वीस वेळा सुरू केला तरी काही कळत नाही. नोंदी ठेवा म्हटलं ते यासाठी. कागदावर तीन रकाने पुरेत: वेळ, रात्री भिंतीवरचं बटण बंद होतं की चालू, आणि अडला तेव्हा नक्की काय दिसलं.

यातला मधला रकाना सगळ्यात कामाचा. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करून झोपायची पद्धत आहे. बटण चालू राहिलं तर एसएमपीएसचा ५ व्होल्ट स्टँडबाय भाग रात्रभर जागा असतो. बंद केलं तर सकाळी तो थंड अवस्थेतून उठतो. तिथले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. म्हणून डिसेंबरात पीसी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला लागतो आणि नंतर दिवसभर कुरकुर करत नाही. बटण बंद असलेल्या रात्रींनंतरच त्रास होत असेल आणि घड्याळही मागे पडत असेल, तर आधी बोर्डवरचा सीआर२०३२ सेल (घड्याळ चालवणारा नाण्याएवढा सेल) मोजा. नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली गेला असेल तर सरळ बदला.

आता "काय दिसलं" याबद्दल. "सुरू होत नाही" या तीन शब्दांत निदान तीन वेगळे आजार आहेत. पंखाच फिरत नाही, हा एक. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, हा दुसरा. बोर्डच्या कंपनीचं चिन्ह दिसतं आणि विंडोजपाशी अडतो, हा तिसरा. खोडरबराचा प्रश्न फक्त दुसऱ्यात येतो. रॅम खराब असेल तरी पंखा फिरतोच, त्यामुळे पहिल्या प्रकारात रॅम घासणं म्हणजे मोटर जळलेल्या मिक्सरचं पातं धुणं.

पहिल्या प्रकारात मल्टीमीटर दोन मिनिटांत निकाल देतो. साधा डिजिटल मीटर पुरतो. चुकून विकत घेतलेल्या रॅमपेक्षा स्वस्तच पडतो. डीसी २० व्होल्टची रेंज लावा, काळी प्रोब (मीटरची टोकदार सळई) काळ्या वायरीत, लाल प्रोब २४ पिनच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने सरकवा. पीसी बंद, भिंतीवरचं बटण चालू. जांभळ्या वायरीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. नसतील तर दोष एसएमपीएस, कॉर्ड किंवा स्पाइक बोर्डकडे (एक्स्टेंशनकडे). मग हिरवी वायर. बंद असताना तिच्यावर व्होल्टेज असतं आणि पॉवर बटण दाबल्यावर ते शून्याजवळ यायला हवं. हिरवी खाली येतच नसेल, तर बोर्ड एसएमपीएसला हाकच मारत नाही: बटण किंवा बोर्ड बघा. हिरवी खाली येऊन तशीच राहिली आणि पिवळीवर १२ व्होल्ट आले नाहीत, तर एसएमपीएस खराब आहे किंवा पुढे कुठे शॉर्ट आहे म्हणून तो बंद पडतोय. पिवळीवर ११.४ ते १२.६ मिळतात, पण करडी वायर (एसएमपीएसकडून बोर्डला 'वीज ठीक आहे' असा इशारा देणारी) ५ व्होल्टच्या आसपास जात नाही? मग बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्येच धरून ठेवतो. पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते, अगदी रॅम गेल्यासारखी. इथेच बरेच जण फसतात.

सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिन मोजा: जांभळीची जागा ९, हिरवीची १६, करडीची ८.

बटणावरचा संशय तर फुकटात फिटतो. बोर्डवरून पॉवर स्विचची वायर काढा आणि त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. रिसेटची वायरही काढून ठेवा. कॅबिनेटचं रिसेट बटण आत अडकलं की लक्षणं पुन्हा रॅमसारखीच दिसतात.

रॅमच्या बाजूनेही बोलतो. बोर्डवर डीरॅमचा (रॅमचा दोष दाखवणारा) दिवा लागून राहत असेल किंवा रॅमचे बीप येत असतील, तर तुमचीच पद्धत आधी, फक्त खोडरबर नको. पिनांवरचा सोन्याचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खोडरबर तो झिजवतो आणि कण स्लॉटमध्ये पडतात. कोकणातल्या पावसाळी हवेत तो थर गेला की खालचा धातू लवकर खराब होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरे. खरं काम तर बहुतेक वेळा रॅम काढून-घालतानाच्या घर्षणानेच होतं. डीडीआर५ (नव्या पिढीच्या रॅम) च्या बोर्डांवर, विशेषतः एएमडी एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर, रॅम बदलल्यावर किंवा बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेव्हा घाबरून पुन्हा रॅम उपसू नका.

तिसऱ्या प्रकाराबद्दल एवढंच: रीस्टार्ट नेहमी नीट होतो आणि शटडाउननंतरच अडतो, असं असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना शटडाउन पूर्ण होत नाही, विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, हायबरनेट होतो (डिस्कवर साठवून ठेवला जातो).

"मोजण्यापेक्षा दुसरा एसएमपीएस लावून पाहतो" असंही तुम्ही लिहिलंय. चालेल, मात्र तो मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल त्यात खुपसू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. प्लग बसतो, पण ५ च्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळू शकते. आणि जुना एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलायचा विचार गिऱ्हाइकाच्या डोक्यात घालू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ ते ४०० व्होल्ट डीसी असतात, आणि कॉर्ड काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहू शकतात.