किल्ली कुणाकडे होती?

गेले तीन आठवडे आमच्या दहावीच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय आणि माझं डोकं फिरलंय. मिरजेतल्या आमच्या शाळेचा कसलासा महोत्सव आहे, माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा होतेय, आणि संस्थेच्या मनात आहे की वरच्या मजल्यावरची ग्रंथालयाची खोली रिकामी करून तिथे डिजिटल वर्ग करावा. भिंतभर टचस्क्रीन, एसी, फिरत्या खुर्च्या. पुस्तकांचं काय? ती 'पेट्यांत घालून वर्गावर्गात ठेवू'. यावर 1994 च्या बॅचने धडाधड अंगठे उमटवले. एकाने लिहिलं, "नाहीतरी हल्लीची पोरं वाचतात कुठे?" लिहिणारा स्वतः दिवसभर फॉरवर्ड ढकलत असतो, ते सोडा.

मी टोकियोत, तोझाई लाइनच्या लोकलच्या गर्दीत एका हाताने उत्तर टाइप केलं. निशी-कासाईपासून ओतेमाचीपर्यंत जेवढं मावलं तेवढं. त्यावर आलं, "अगं बाई, तुझं जपान राहू दे तिकडं." मग दोन हसऱ्या बाहुल्या आणि कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो. विषय संपला. माझा संपला नाही, म्हणून हे सविस्तर.

माझी लेक इथल्या सरकारी चुगाक्कोत, म्हणजे सातवी ते नववीच्या शाळेत, दुसऱ्या वर्षाला आहे. आसपासची बहुतेक भारतीय मुलं सीबीएसईच्या शाळांत जातात, आम्ही तिला कूच्या, म्हणजे इथल्या वॉर्डाच्या, शाळेत घातलं. त्यावरून दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी काय काय ऐकवलं ते पुन्हा कधी. तर या साध्यासुध्या शाळेतलं तोशोशित्सु, म्हणजे ग्रंथालय, आमच्या मिरजेच्या खोलीपेक्षा फार मोठं नाही. कपाटं खांद्याच्या उंचीची, कुठलंच बंद नाही. दुपारच्या सुट्टीत काउंटरला मुलंच बसतात. माझ्या लेकीची पाळी मंगळवारी. बारकोड मारायचा, तारखेची पट्टी आत सरकवायची, परत आलेली पुस्तकं आकडे बघून जागेवर लावायची. 4 म्हणजे विज्ञान, 7 म्हणजे कला आणि खेळ, 913 म्हणजे जपानी कादंबऱ्या, तिथे कायम गर्दी. माझ्या पोरीला वॉर्डरोबमध्ये स्वतःचे मोजे सापडत नाहीत, पण 486 मध्ये किड्यांचं पुस्तक कुठे आहे ते डोळे मिटून सांगेल.

हे आपोआप झालेलं नाही. शाळेत ग्रंथालय असलंच पाहिजे असा कायदा जपानने 1953 साली केला. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती, देश भिकेला लागलेला होता. बारा किंवा जास्त वर्ग असतील तर ग्रंथालयाचं प्रशिक्षण घेतलेला एक शिक्षक हवाच, हे बंधन 2003 पासून. आमच्या एदोगावा कूमध्ये तर 2012 पासून सगळ्या प्राथमिक शाळांत आणि चुगाक्कोंत 'दोकुशो-का' म्हणजे वाचन हा विषयच आहे, वेळापत्रकात, गणित-भूगोलाच्या बरोबरीने. वाचायचं, वाचलेलं ताडून बघायचं, त्यावर चार लोकांसमोर बोलायचं. आपल्याकडे 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. चांगला असतो, मुलं हातात पुस्तक धरून ओळीत बसतात, फोटो निघतो. 16 ऑक्टोबरला काय असतं, ते मला ग्रुपवर कुणी सांगितलं नाही.

आणि टॅब्लेटचं म्हणाल तर इथे करोनाच्या काळात सरकारने प्राथमिक आणि चुगाक्कोतल्या एकूणएक मुलाच्या हातात एकेक यंत्र दिलं. लेकीच्या दप्तरात रोज असतं, गृहपाठ त्याच्यावरच. पण यंत्रं आली, आता खोली खाली करा, असं पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, एकाही बैठकीत माझ्या कानावर आलं नाही. माझं एवढंच म्हणणं होतं. त्यासाठी बारशाचे फोटो टाकायची गरज नव्हती.

ग्रंथालय मुलांसाठी असतं एवढंच आपण धरून चालतो. इथे येईपर्यंत मीही धरून चालले होते. पीटीएत काहीतरी काम घ्यावंच लागतं. माझी जपानी भाषा बेताची, म्हणून मी पुस्तकांना फिल्म चढवायचं काम घेतलं. महिन्यातून एक शुक्रवार, शाळेत घालायचे बूट, उवाबाकी, चढवून, कात्री-पट्टी घेऊन बसायचं आणि नव्या पुस्तकांवर पारदर्शक चिकट कागद बुडबुडा न येऊ देता बसवायचा. जून महिन्यात बाबा खाकी कागदाने आमच्या पुस्तकांना कव्हरं घालायचे, ती घडी माझ्या हातात अजून आहे. बाकीच्या आया म्हणतात, तुझे कोपरे फार सुबक येतात. सोळा वर्षांत या देशाने माझ्या कुठल्या कौशल्याची मनापासून स्तुती केली असेल तर ती या कोपऱ्यांची.

तिथे बसून बघितलं. ग्रंथपालबाईंकडे सर्वात जास्त फेऱ्या शिक्षकांच्या होतात. तिसऱ्या वर्षाची सहल क्योतो-नाराला जाणार असते. सामाजिक शास्त्राचे सर महिनाभर आधी येऊन सांगतात, अमुक देवळं, तमुक बाग, सहा-सहा मुलांचे गट. बाई स्वतःकडची पुस्तकं काढतात, कमी पडली तर कूच्या सार्वजनिक ग्रंथालयातून चाळीस-पन्नास एकदम मागवतात आणि सगळी एका ढकलगाडीवर रचून वर्गात पाठवतात. विज्ञानाच्या मॅडमना भूकंपावरची हवी असतात, दवाखान्याच्या खोलीतल्या सेन्सेईंना झोपेवरची. एकदा हेडमास्तर आले. त्यांना पालकसभेच्या भाषणासाठी काहीतरी पाहिजे होतं, आणि ते चोरट्यासारखे दबक्या आवाजात विचारत होते. आमच्या शाळेत शिक्षक ग्रंथालयात जायचे ते पेपर तपासायला, कारण तिथला पंखा बरा होता.

याच बाईंनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्ही भारतातून म्हणजे रंगनाथन-सानच्या देशातून?" मी "हो हो" म्हणाले आणि घरी येऊन शोधलं. शियाळी रामामृत रंगनाथन. मद्रासचे गणिताचे प्राध्यापक, पुढे ग्रंथपाल झाले, 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथपाल व्हायला निघालेल्यांना इथे ते शिकावे लागतात. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हा दुसरा. मी मराठी माध्यमात बारावीपर्यंत आणि नंतर पुण्यात चार वर्षं शिकले, आणि हे नाव मला एका जपानी बाईने सांगितलं. ग्रुपवर मी हे मात्र फार ऐटीत लिहिलं, जणू मला जन्मतः माहीत होतं.

तिथेच माझी गाडी अडली. आमच्यातला एकजण गावातच राहिलाय, सहकारी बँकेत आहे, शाळेच्या कमिटीवर आहे. तो बोलतो कमी. रात्री त्याने सरळ फोनच केला. म्हणाला, "तू शाळेत शेवटचा पाय कधी ठेवलास?" मी म्हटलं, 2013. "मग ऐक. आपले ग्रंथपाल सर निवृत्त झाले, ती जागा भरलीच नाही. मधे एक अर्धवेळ बाई होत्या, अर्ध्या पगारावर किती दिवस काढणार? कायदा आपल्याकडं पण आहे गं. शिक्षण हक्क कायदा, 2009. प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं, सगळं लिहिलंय त्यात. कागद आहे, माणूस नाही. आता तुझ्या तिथल्या बाईंचं सांग. रोज येतात?"

नाही येत. आठवड्यातून दोन दिवस येतात. बाकीचे दिवस दुसऱ्या शाळेत. नेमणूक एका वर्षाची, मार्च जवळ आला की त्यांच्या तोंडावरचं हसू कमी होतं. त्या तीन दिवसांत तोशोशित्सु चालतं ते मंगळवारवाल्या-गुरुवारवाल्या पोरांच्या जिवावर. हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. चुगाक्को संपून हायस्कूलला गेल्यावर इथलीही जवळपास निम्मी मुलं महिनाभरात एकसुद्धा पुस्तक वाचत नाहीत, दरवर्षीच्या पाहणीत येतं, तेही लिहिलं नव्हतं. परदेशात राहून गावाला शहाणपण शिकवायचं तर असल्या गोष्टी गाळाव्या लागतात.

मग तो म्हणाला, "आणि ज्या खोलीसाठी तू भांडतेयस, त्या खोलीतलं तू काय वाचलंस, आठवतंय?"

आठवत होतं. आठवी ब, शनिवारी दुसरा तास. काचेची कपाटं, कुलपं पितळी, किल्ल्यांचा जुडगा क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये. सर पुस्तकांचा गठ्ठा वर्गात आणायचे आणि हजेरी क्रमांकाप्रमाणे वाटायचे. तुमच्या नंबराला जे येईल ते तुमचं. मला एकदा मधमाशीपालन आलं. शेजारणीला एका थोर पुरुषाचं चरित्र आलं होतं, ती द्यायला तयार होती, पण अदलाबदल चालत नसे, नोंद चुकते. मी मधमाशीपालन दोनदा वाचलं. सर वाईट नव्हते. दाखल नोंदवहीतलं एक पुस्तक कमी भरलं तर माझ्या पगारातून जातं, असं ते उघड सांगायचे. फाटकं पुस्तक बाद करायचं तर निर्लेखनाचे कागद वर पाठवायचे, ते परत येणार कधी? त्यापेक्षा कुलूप बरं. इथे बाई दर उन्हाळ्यात जुने विश्वकोश आणि चुकीचे नकाशे गाठोडी बांधून काढून टाकतात. पहिल्यांदा ते बघून माझ्या पोटात कालवलं होतं. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण, पण तेच पुस्तक तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायचं तर आपला हात आखडतो. मी तीन आठवडे जिचं रक्षण करत होते त्या खोलीत मला हवं ते पुस्तक एकदाही हात लावून निवडता आलेलं नव्हतं.

तरीही मला ती खोली हवी आहे, आणि का ते त्याला फोनवर सांगता आलं नाही.

लेक पहिल्या वर्षाला असताना एप्रिल ते जुलै रोज दुपारच्या सुट्टीत तोशोशित्सुत जाऊन बसायची. मला वाटे, वाचनाची गोडी लागली. मी कौतुकाने आईला फोनवर सांगितलंसुद्धा. फिल्म चढवायच्या एका शुक्रवारी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ती फारसं वाचत नाही, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असते, आणि ते चालतं. वर्गातल्या मुलींचे गट पडले होते, आडनाव वाचताना सगळे थांबायचे, बुकात्सुमध्येही, म्हणजे शाळेनंतरच्या क्लबातही, जमत नव्हतं. घरी तिने यातलं अक्षर काढलं नव्हतं. 2015 च्या ऑगस्टमध्ये कामाकुराच्या नगर ग्रंथालयाने ट्विटरवर लिहिलं होतं की शाळा सुरू होणार म्हणून ज्या मुलांना जीव नकोसा झालाय त्यांनी शाळा बुडवून आमच्याकडे यावं, मांगा म्हणजे चित्रकथा आहेत, दिवसभर बसलात तरी कुणी काही बोलणार नाही. देशभर चर्चा झाली होती. मीही ते शेअर केलं होतं, किती छान देश म्हणून. ते माझ्या घरात येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पेटीत पुस्तकं ठेवता येतात. पेटीत बसता येत नाही.

आता ती तिथे काउंटरच्या पलीकडे बसते. मी मात्र अजून अलीकडेच आहे. कांजीवर, म्हणजे चित्राक्षरांवर, फुरिगाना म्हणजे बारीक अक्षरांत उच्चार लिहिलेला असेल तरच पान वाचते. कूच्या मोठ्या ग्रंथालयात भारतीय साहित्य कुठे आहे बघायला गेले, तर 929 मध्ये, आशियातल्या इतर भाषांच्या शेपटीत, एक वीतभर जागा. मराठी त्यात काहीच नव्हतं. लेकीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. घरात 'किशोर'चे तीन दिवाळी अंक आहेत, आईने पाठवलेले, तिन्ही कोरे करकरीत. हे मी मिरजेच्या लोकांना सांगत नाही.

परवा त्या मित्राला मेसेज केला की निम्मी खोली तरी ठेवा, कुलपं काढा, पुस्तकांचे पैसे मी देते. त्याने विचारलं, "कुठली घेऊ? यादी पाठव." मी वही घेऊन बसले आणि नऊ नावांनंतर अडकले, सगळी माझ्याच लहानपणातली. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे मागणीची पेटी असते. मुलांनाच का नाही विचारत?" तसं कळवलं. त्याने खरंच आठवी-नववीच्या वर्गांत चिठ्ठ्या फिरवल्या आणि काल रात्री बेरीज पाठवली. भुताच्या गोष्टी एकतीस. क्रिकेट सव्वीस. पोलीस भरतीची गाईडं बावीस. खाली, एका चिठ्ठीवर, मधमाश्या.

'गाईडं नकोत, ती काय पुस्तकं आहेत', असं मी लिहायला घेतलं. मग खोडलं आणि त्याला विचारलं, बावीस प्रतींचे किती होतील.