कुरव ओळखायचा तर पंख पाहा, डोके नव्हे

मुंबईच्या किनाऱ्यावर कुरव (सीगल) दिसू लागले की पक्षिनिरीक्षकांच्या गटांत एक सल्ला हमखास फिरतो. त्याचा आशय असा : डोके काळे तर काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी तर तपकिरी डोक्याचा, हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होत असल्याने फरक करणे अशक्य, फार तर डोळा पाहावा, पांढरा डोळा म्हणजे तपकिरी डोक्याचा. सल्ला सोपा आहे, पण त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके विणीच्या हंगामातही काळे नसते. ते गडद चॉकलेटी असते आणि दुरून किंवा सावलीत काळे भासते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके त्याहून फिकट, मागच्या कडेला गडद होत गेलेले असते. चांगल्या उन्हात दोन्ही तपकिरीच दिसतात आणि खराब उजेडात दोन्ही काळी. शिवाय ही डोकी आपल्याकडे पूर्ण रंगतात ती हिवाळी मुक्काम संपता संपता, म्हणजे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडे परतण्याच्या सुमारास.

हिवाळ्यात ओळख अशक्य असल्याचे विधान सर्वांत जास्त नुकसान करते, कारण त्यामुळे लोक पंखांकडे पाहणेच सोडून देतात. डोळ्यामागचा काळसर ठिपका आणि लाल चोच दोन्ही जातींत असते, हे खरे; पण उडत्या प्रौढ पक्ष्याचा पंख शंकेला फारशी जागा ठेवत नाही. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर असते आणि काळा रंग टोकांच्या अरुंद किनारीपुरता उरतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक ठळक काळे असते, त्या काळ्यात बाहेरच्या पिसांवर पांढरे ठिपके असतात आणि काळ्याच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा असतो. घारापुरीच्या लाँचमागे कुरव उडत येतात, तेव्हा हा फरक दुर्बिणीशिवायही दिसतो. (त्यांना शेव-गाठ्या मात्र घालू नयेत.) पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या पिल्लाच्या पंखावर ते पांढरे ठिपके नसतात, म्हणून ठिपके दिसले नाहीत एवढ्यावरून त्याला दुसऱ्या जातीत टाकू नये, त्याच्या पंखाचे टोक काळेच असते आणि पुढच्या कडेची पांढरी पाचर नसते.

डोळ्याचे विधान अर्धे खरे आहे. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाची बुबुळे फिकट असतात आणि काळ्या डोक्याच्या कुरवाची गडद, परंतु तपकिरी डोक्याच्या लहान पक्ष्यांचे डोळेही गडदच असतात. उलट, पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या ‘सडपातळ चोचीचा कुरव’ या तिसऱ्या जातीच्या प्रौढ पक्ष्याचे डोळेही फिकट असतात आणि त्याच्या पंखावर काळ्या डोक्याच्या कुरवासारखीच पांढरी पाचर असते. त्याला ओळखावे ते उतरत्या कपाळावरून, लांब मानेवरून व लांब चोचीवरून. डोळ्यामागचा ठिपकाही त्याला नसतो किंवा अगदी पुसट असतो.

आकाराचा आधार दुय्यम आहे. तपकिरी डोक्याचा कुरव थोडा मोठा आणि जाड चोचीचा असतो, पण दोन्ही जाती शेजारी बसलेल्या असतील तरच हे नीट कळते. म्हणून बसलेल्या एकट्या पक्ष्याच्या छायाचित्रावरून जातीचे नाव ठामपणे सांगण्याआधी त्याच पक्ष्याचा उडता पंख टिपावा आणि तो मिळाला नाही तर नोंदीत केवळ ‘कुरव’ लिहावे.