आयफोन ६एस आणि एरर ४०१३ : आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपला एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. सफरचंदाच्या चिन्हावर अडकलेला आयफोन ६एस आम्ही तासाभरात देतो म्हणून ठेवून घेतला, नऊ दिवसांनी तसाच परत केला, वर तपासणीचे ३०० रुपये घेतले आणि जे रिस्टोअर ‘कोणताही पोरगा दहा मिनिटांत करतो’ तेही आम्हाला जमले नाही, असे आपले म्हणणे आहे.

तासाभराचा शब्द आमच्याच काउंटरवरून दिला गेला आणि फोन उघडून न पाहता तो द्यायला नको होता. तपासणी शुल्काची कल्पनाही आधी दिली नाही. तिसऱ्या दिवशी दोष कळलेला असताना आपल्याला फोन गेला तो आठव्या दिवशी; त्या आठवड्यात गणपतीची गर्दी होती, पण ते कारण ग्राहकाला ऐकवण्याजोगे नाही. ३०० रुपये परत करत आहोत. पावती दाखवून कधीही घ्यावेत.

रिस्टोअर आम्हाला जमले नाही, हे मात्र मान्य नाही. ते आम्ही केलेच नाही. फोन जमा करताना ‘फोटो हवे आहेत, बॅकअप नाही’ असे आपण स्वतः लिहून खाली सही केली आहे. फोन रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी संगणकाला जोडायच्या अवस्थेत, असताना संगणक दोन पर्याय देतो. अपडेटमध्ये आयओएस, म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली, नव्याने बसते आणि माहिती जागेवर राहते. रिस्टोअरमध्ये सगळी माहिती पुसली जाते. म्हणून आम्ही फक्त अपडेट चालवून पाहिले आणि ते बहुतेक वेळा एरर ४०१३ वर, एकदा एरर ९ वर थांबले.

हे दोन्ही एरर सहसा एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे काम अर्ध्यावर असताना फोनचा संगणकाशी संपर्क तुटला. त्यामागे साधी खराब केबलही असू शकते, त्यामुळे केबल, यूएसबी पोर्ट आणि संगणक बदलून सुरुवात केली. फर्मवेअरची, म्हणजे आयओएसची, फाइल आधीच उतरवून ठेवली होती, कारण डाउनलोडला १५ मिनिटांहून अधिक वेळ लागला तर फोन रिकव्हरी मोडमधून आपोआप बाहेर पडतो आणि मग भलताच दोष शोधला जातो. हे मॉडेल २०१५ चे; इतक्या वर्षांची बॅटरी ऐन भाराच्या वेळी मान टाकते, म्हणून दुसरी चांगली बॅटरी लावली, चार्जिंग फ्लेक्स (चार्जिंगच्या जोडणीची पातळ केबल) बदलली, पुढच्या कॅमेऱ्याची जोडणी काढून ठेवली. एवढे करूनही पडद्यावरची प्रगतीची पट्टी त्याच टप्प्यावर अडत राहिली, तेव्हा संशय फोनच्या मुख्य बोर्डावर, बहुधा स्टोरेजच्या चिपवर किंवा तिच्या वीजपुरवठ्यावर गेला. या ‘बहुधा’मुळेच बोर्डाच्या ३,५०० रुपयांच्या कामाची हमी आम्ही दिली नाही.

जुनी आयओएस टाकली असती तर फोन चालला असता, असेही आपण लिहिले आहे. आयओएस बसवताना अ‍ॅपलच्या सर्व्हरची मंजुरी लागते आणि ज्या आवृत्तीची मंजुरी बंद झाली आहे ती संगणक स्वीकारत नाही. शिवाय तिथे अडले असते तर ३१९४ सारखा वेगळा एरर आला असता.

दुसरे दुकान चिप बदलून फोन सुरू करून देणार आहे, हे कदाचित खरेही ठरेल. परंतु जुन्या चिपवरील माहिती त्याच बोर्डाच्या प्रोसेसरमधील किल्लीने कुलूपबंद असते. ती चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लावली तरी माहिती वाचता येत नाही आणि नव्या चिपसह सुरू झालेला फोन रिकामा असतो. आपल्याला केवळ चालू फोन हवा असेल तर तसे जरूर करावे. फोटो हवे असतील, तर काम कोणाकडूनही करून घ्यावे, पण रिस्टोअर करू नये आणि मूळ चिप बदलू नये, एवढे त्यांच्या पावतीवर आधी लिहून घ्यावे.